विजेवरची कार: परवडते, की परवडल्यासारखी वाटते?

हिशेबनीस
विजेच्या गाडीचा विषय निघाला की रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) आणि किंमत यांवरच घोळ चालतो. माझ्या मते निर्णय ठरतो तो गाडी रात्री कुठे उभी राहते यावर.

मध्यम आकाराच्या कारला १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट लागतात. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरली की मीटरवर १७ पडतात. तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतराला साडेसहा लिटर धरू. आता लिटरच्या भावाला युनिटच्या भावाने भागा. उत्तर २.६ च्या (१७ भागिले साडेसहा) वर आलं तर वीज स्वस्त, खाली आलं तर पेट्रोल. घरच्या मीटरवर हे उत्तर बहुधा बरंच वर जातं. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरचा दर मात्र घरच्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो, आणि तिथे फायदा पार आटतो. ज्याला स्वतःचा प्लग नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

पेट्रोलपुराण
भागाकार झकास, पण त्यात गाडीची किंमत कुठाय? विजेची गाडी महाग पडते, त्या फरकावर कर्जाचं व्याज चढतं, विम्याचा हप्ताही बऱ्याचदा जास्त. अपघातात गाडीच्या तळाला मार बसला आणि बॅटरी पॅकला धक्का लागला, तर दुरुस्ती एवढी महाग पडते की विमा कंपनी कधीकधी गाडी सरळ निकालात काढते. हा सगळा जास्तीचा खर्च किलोमीटरमागच्या बचतीने भागा. रोज ८०-९० किलोमीटर करणाऱ्याचे पैसे वसूल होतील. माझ्यासारख्या आठवड्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याचे होईपर्यंत गाडीच म्हातारी होईल.

वायरमन
देखभाल विसरलात की राव. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. वेग कमी करताना मोटरच वीज बनवते, त्यामुळे ब्रेक पॅड वर्षानुवर्षं टिकतात. अर्थात ‘खर्चच नाही’ म्हणणारा विक्रेता थापा मारतोय. कूलंट, ब्रेक ऑइल, १२ व्होल्टची छोटी बॅटरी हे सगळं असतंच, आणि गाडी जड असल्याने टायर लवकर झिजतात.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर सुमारे ३ किलोवॉट मिळतात, म्हणजे दहा तासांत ३० युनिट, म्हणजे जवळपास १७५ किलोमीटर. रोजच्या वापराला हे पुरून उरतं. पण गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी रात्रभर ओढते. सैल सॉकेट, बारीक वायर, कच्चं अर्थिंग असेल तर तिथेच गरम होऊन वितळतं. गाडीसाठी स्वतंत्र लाइन, भार वाढला की लाइन तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी हवाच. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चार्जिंग करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू. वायरिंगचा हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

चौथा मजला
हिशेबनीस, ‘प्लग नाही तर नको’ हे फार सरसकट झालं. मी इमारतीत राहते, खाली सामाईक पार्किंग. पण ऑफिसच्या पार्किंगमध्ये घरच्या विजेसारखेच एसी करंट देणारे संथ चार्जर आहेत आणि तिथला दर घरच्याएवढाच. गाडी नाहीतरी दिवसभर तिथेच उभी असते.

हिशेबनीस
ताई, उद्या नोकरी बदललीत तर? तुमचा चार्जर मालकाच्या मर्जीवर आहे. गाडी आठ-दहा वर्षं सांभाळायची, एवढी वर्षं एका ऑफिसात कोण राहतं?

चौथा मजला
नोकरी बदलताना पगार बघते, अंतर बघते, तसं पार्किंगही बघेन. शिवाय बिल्डिंगमध्ये स्वतंत्र मीटरसाठी अर्ज केलाच आहे. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

लांबपल्ला
हायवेचं कुणी काढलंच नाही, म्हणून मी काढतो. जाहिरातीत ४०० किलोमीटर लिहिलं असेल तर हायवेच्या वेगात ३०० धरून चाला. वेग ८० वरून ११० वर नेला की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. कडाक्याच्या थंडीत आणखी फटका. त्यात फास्ट चार्जर ८० टक्क्यांपर्यंत धावतो आणि पुढे रांगतो. पहिला टप्पा सोडला तर १० ते ८० टक्के एवढीच बॅटरी प्रत्यक्ष कामाची, म्हणजे दर थांब्यामागे २१० किलोमीटर. चार्जर चालू असेल, पुढे दोन गाड्या नसतील, तर ठीक.

पेट्रोलपुराण
आणि बॅटरी मेली की? निसानची लीफ ही विजेची कार २०१० मध्ये आली. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवायची सोय नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात दोनेक वर्षांत लोकांची रेंज घसरायला लागली आणि कंपनीला बॅटरीच्या क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली.

वायरमन
म्हणूनच आता बहुतेक गाड्यांत द्रवाचं कूलिंग असतं आणि ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी मिळते, साधारण ७० टक्के क्षमतेची. बॅटरी कोणत्या जातीची ते विचारा. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर ती चार्जिंगची जास्त चक्रं टिकते आणि अधूनमधून १०० टक्के भरावी लागते, नाहीतर गाडीला स्वतःची टक्केवारी नीट कळत नाही. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबा. शिवाय बॅटऱ्या स्वस्त होतायत. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०१० मध्ये किलोवॉट-तासाला (म्हणजे एका युनिटच्या बॅटरीला) हजार डॉलरच्या वर असलेला भाव २०२४ मध्ये ११५ वर आला.

पेट्रोलपुराण
तुम्ही माझंच काम केलंत! बॅटरी स्वस्त होते म्हणजे पुढच्या वर्षीची नवी गाडी जास्त रेंज देऊन कमी भावात येते. मग माझ्या जुनीला कोण विचारणार? वीज वाचवून मिळवलेलं विकताना घालवायचं.

चौथा मजला
हे बरोबर आहे, पण ते नवी घेणाऱ्याचं दुखणं. मी जुनीच घेतली, तीन वर्षं वापरलेली. घसरण आधीच्या मालकाने सोसली. बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागितला, फास्ट चार्जिंग किती झालं तेही विचारलं आणि उरलेली वॉरंटी माझ्या नावावर होते हे लेखी घेतलं. काही कंपन्या दुसऱ्या मालकाला वॉरंटीच्या अटी बदलतात, ते नीट वाचा.

लांबपल्ला
मग सोपं आहे, जुनी विजेची रोजच्या धावपळीला आणि पेट्रोलची प्रवासाला.

हिशेबनीस
दोन गाड्या म्हणजे दोन विमे, दोन कर, दोन पार्किंग. वर्षातून चार-पाच लांबच्या फेऱ्या असतील तर त्या वेळी भाड्याने गाडी घ्या. त्या भाड्याचा आकडा दुसऱ्या गाडीच्या नुसत्या विम्याशेजारी मांडा आणि इथे टाका. मग बोलू.