मदत हवी आहे: ४×५ फील्ड कॅमेऱ्याला पहिली लेन्स कोणती घेऊ? (नागपूर, महालातले वाडे)

महालकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं ३५ मिमी आणि नंतर डिजिटलवर काढले फोटो. गेल्या महिन्यात मात्र एक वेडेपणा केला. लाकडी ४×५ फील्ड कॅमेरा (४×५ इंची सुट्या फिल्म-शीटचा) घेतला, वापरलेला. स्वस्तात पडला, कारण लेन्स नव्हती. सध्या तो बैठकीत ट्रायपॉडवर उभा आहे, पुढे नुसतं भोक आणि मागे फोकस बघायची घासलेली काच. बायको येताजाता विचारते, "याला डोळा कधी बसवता?"

काढायचंय ते महाल-इतवारीतले जुने वाडे. लाकडी खांब, कोरलेली दारं, सज्जे. गेलो की एखाद्या वाड्यापुढे टिनाचे पत्रे ठोकलेले दिसतात, म्हणून घाई. शिवाय रामटेकला अंबाळा तलावाकाठची देवळं आणि जमलं तर वाड्यातली म्हातारी माणसं.

भाता (लेन्स आणि काचेमधला घड्यांचा) पूर्ण ताणून मोजला, ३०० मिमी भरला. लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची फळी) लिनहॉफ टेक्निका पद्धतीचा. बजेट शटरसकट ३५ हजार, त्यावर एक रुपया नाही.

वाचावं तितका गोंधळ वाढतो. एक म्हणतो डोळे मिटून १५० मिमी घे, दुसरा म्हणतो इमारती काढायच्या तर ९०, तिसरा म्हणतो २१० स्वस्त मिळते आणि माणसांना चांगली. आमच्या गल्ल्या बारा फुटांच्या. ३५ मिमीवर माझा हात २८ वर बसलेला. मग सरळ ९० घेऊ का?

काळं कापड

घेऊ नका. म्हणजे घ्या, पण दुसरी म्हणून.

४×५ च्या फोकल लेंथला साधारण साडेतीनने भागा, की ३५ मिमीचा हिशेब येतो. १५० म्हणजे ४३ च्या आसपास, ९० म्हणजे २६, २१० म्हणजे ६०. त्या हिशेबाने तुमच्या २८ ला ९० बरोबर वाटेल. पण ४×५ चा चौकोन ३५ मिमीपेक्षा बुटका असतो, त्यामुळे तुलना थोडी घसरते.

माझी पहिली लेन्स ९०, एफ/८ होती. कापडाखाली डोकं घातलं की मधोमध उजेडाचा गोळा आणि कोपऱ्यांत अमावस्या. संध्याकाळच्या गल्लीत लूप (भिंग) लावून फोकस शोधताना घाम फुटायचा, आणि मी काही नागपुरात राहत नाही. वर भाता इतका दाबला जायचा की लेन्स धरणारी पुढची पाटी वर सरकवायला गेलं तर ती परत खाली खेचली जायची. कॅमेरा शिकायच्या दिवसांत हे नको.

फुकटसल्ला

आधी पुठ्ठा कापा, मग पैसे.

पुठ्ठ्यात १२ सेंमी × ९.६ सेंमी खिडकी पाडा, शीटवर प्रत्यक्ष चित्र साधारण तेवढंच उमटतं. खालच्या कडेला दोरा बांधून ९, १५ आणि २१ सेंमीवर गाठी मारा. गाठ डोळ्याशी धरून दोरा ताणा आणि एक डोळा मिटा. खिडकीतून दिसतं तेवढंच त्या लेन्समधून दिसणार. रविवारी महालात फिरून या आणि मग बोला.

महालकर

आलो फिरून. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा, काळा दोरा, तीन गाठी. एका वाड्यापुढे एक डोळा मिटून उभा होतो, तर ओट्यावरचे आजोबा म्हणाले, "काऊन भाऊ, मोजणी आली का? वाडा पाडता का काय?" पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. मग पाच मिनिटं तेच बघत राहिले आणि मी उन्हात उभा.

१५ च्या गाठीला दाराची चौकट, वरची गणेशपट्टी आणि दोन्ही बाजूंचे कोनाडे, बस. घरी येऊन माझे जुने फोटो काढले, तर दारांचे सगळे फोटो मी कापून कापून इतकेच ठेवलेत! ९ च्या गाठीला त्याच दाराबरोबर विजेचं मीटर, तारांचं जंजाळ आणि कुणाची तरी स्कूटर. आणि गंमत म्हणजे पूर्ण दर्शनी भिंत ९ लाही मावली नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन तिरकं पाहिलं तर १५ मध्येच आली.

भूमितीवाला

न मावण्याचं कारण हिशेबातच आहे. बारा फुटांवरून, शीट उभी धरून, १५० मध्ये साडेनऊ फूट उंची मावते, ९० मध्ये सोळा. दुमजली वाडा वीस-बावीस फूट. म्हणजे समोरून तो ९० लाही भारीच.

पण खरा प्रश्न आहे तो इमेज सर्कलचा, म्हणजे लेन्स जेवढ्या वर्तुळात चित्र पाडते त्याचा, आणि तो धाग्यात कुणी काढलाच नाही. वाड्याच्या भिंती सरळ ठेवायच्या तर कॅमेरा वर वाकवायचा नाही, पुढची पाटी वर सरकवायची. त्यासाठी लेन्सचं वर्तुळ शीटपेक्षा मोठं लागतं. शीटचा कर्णच १५३ मिमी. निकॉनची निकॉर-डब्ल्यू किंवा श्नायडरची सिमार-एस १५० एफ/५.६ चं वर्तुळ एफ/२२ ला २१० मिमी भरतं. उभ्या शीटवर लेन्स तीस-बत्तीस मिमी वर जाते, तुमच्या कामाला मुबलक. जुनी ९० मिमी एफ/६.८ अँग्युलॉन स्वस्त दिसेल, मोहात पडू नका. तिचं वर्तुळ १५४. शीट कशीबशी झाकते, वर सरकवली की कोपरे काळे. सुपर अँग्युलॉन ही वेगळी लेन्स, ती ९० ला २१६ देते, पण महाग.

२१० ला तुमचा भाता आडवा येतो. १५० लावून भाता ३०० वर ताणला की खांबावरचं तीन इंची कमळ निगेटिव्हवर तीन इंचीच उमटतं (एक्सपोजर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वाढवायला विसरू नका). २१० ला तेच कमळ निम्म्याहून लहान.

निकॉन, फुजी, श्नायडर, रोडेनस्टॉक, चौघांच्याही मल्टिकोटेड १५० चांगल्या. नावावर भांडू नका, प्रत बघा.

महालकर

तर १५० पक्की. मुंबईत एक सापडली, एफ/५.६, कोपल झिरो (लहान मापाचं) शटर. विकणारा म्हणतो "सब ओके". फोटोत काचेच्या कडेला आतून पांढरे ठिपके दिसतात. बुरशी का?

काळं कापड

श्नायडर असेल तर बहुतेक कडेच्या काळ्या रंगाचे पोपडे. चित्रावर काही परिणाम नाही, उलट त्यावरून घासाघीस करा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. मागून टॉर्च मारून फोटो मागवा.

शटरची मात्र परीक्षा घ्या, आणि ती मंद वेगांची. १/५०० कोण वापरतो? १०० आयएसओ फिल्म, एफ/२२, गल्लीची सावली म्हणजे १/४ सेकंद, आत देवडीत तीन-चार सेकंद. तुमचं सगळं आयुष्य तिथेच जाणार, आणि जुनं वंगण घट्ट झालं की नेमके तेच वेग अडखळतात. फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ मागवा. एक सेकंद म्हणजे उघडी पाती २४० फ्रेम दिसली पाहिजेत.

महालकर

व्हिडिओ आला, रात्री बसून फ्रेम मोजल्या. एक सेकंदाला पहिल्यांदा ३४०, मग ३१०, मग २९०.

भूमितीवाला

दर वेळी ३१० आले असते तर बोर्डावर चिठ्ठी चिकटवून वापरा म्हटलं असतं. आकडा हलतोय म्हणजे वंगण सुकलंय. काच चांगली असेल तर घ्या, सर्व्हिसिंगचे पैसे कापून. बोर्डाचं भोक कोपल झिरोला ३५ मिमीच्या आसपास लागतं, मोठ्या कोपल वनचा बोर्ड मागवाल तर लेन्स नीट बसणार नाही.

महालकर

घेतली. २६ हजारांत, ठिपके आणि शटर दोन्ही दाखवून. कुरिअर गुरुवारी येतंय.

आता नागपुरात कोपल शटर उघडून साफ करणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. घड्याळवाल्याला विचारलं, तो म्हणाला आणून तर दाखवा. देऊ का?

फुकटसल्ला

आधी त्याला स्वतःचं एखादं बंद शटर द्या. नसेल तर माझं घेऊन जा, ते तसंही उघडत नाही.