इलेक्ट्रिक स्कूटरचा बॅटरी पॅक दुरुस्त करता यायला हवा की नको?

घाटमाथा

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी की नाही, हा वाद आता मागे पडलाय. पुण्यात कुठल्याही सिग्नलला हिरव्या पाटीच्या चार-दोन गाड्या असतातच. मला बोलायचंय ते त्या किती वर्षं टिकणार याबद्दल. पेट्रोलची स्कूटर बारा-पंधरा वर्षं सहज चालते, कारण तिचा प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि गल्लीतला मेकॅनिक तो बदलून देतो. जी गाडी सहा-सात वर्षांत भंगारात जाणार, तिला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मूळ अडचण बॅटरीत आहे. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा तिचाच. तीन युनिट वीज साठवणाऱ्या पॅकमध्ये दीडशेच्या वर सेल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, असतात. त्यातला एक गट कमजोर झाला की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, अख्खा पॅक बंद पाडते, बाकीचे सेल धडधाकट असले तरी. बरेच पॅक आतून इपॉक्सी किंवा तसलंच रसायन ओतून घट्ट केलेले असतात, म्हणजे उघडायची सोयच नाही. वॉरंटी असेपर्यंत कंपनी बदलून देते. ती संपली की हातात हजारोंचं बिल पडतं आणि माणूस गाडी विकायला काढतो.

२०२२च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला भर रस्त्यात स्कूटर पेटली. त्याच सुमारास वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या धुरात बापलेक गेले. पुढच्याच महिन्यात नाशिकला कंटेनरमधल्या वीस गाड्या जळाल्या. त्यानंतर एआयएस-१५६ हे इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरीचं मानक कडक झालं, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. त्याचं मनापासून स्वागत. पण ते मानक सुरक्षेचं आहे. गाडी किती टिकावी, पॅक दुरुस्त होतो का, बॅटरीत किती जीव उरलाय हे मालकाला कळतं का, हे त्यात येत नाही. दुरुस्तीची सोयही सक्तीची करा, एवढंच माझं म्हणणं.

सर्किट

सपशेल असहमत. मी भोसरीत बॅटरी पॅकच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते ओतलेलं रसायन ग्राहकाला अडवायला नसतं. ते सेलची उष्णता बाहेर नेतं, एक सेल भडकला तर शेजारच्याला वाचवतं आणि खड्ड्यांत सेल हलू देत नाही. सेल आणि त्यांना जोडणारी धातूची पट्टी यांच्यातला वेल्ड अगदी नाजूक असतो. आपल्या रस्त्यांवर रोज दणके बसले आणि सेल हलत राहिले तर तो तडकतो, तिथला विजेचा रोध वाढतो, ती जागा तापायला लागते.

दुसरं, पाणी. पॅकला लागणारं आयपी ६७ हे पाणीबंदपणाचं मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी आत थेंब जाता कामा नये. झाकण एकदा उघडलं की गॅस्केट, म्हणजे झाकणाखालचं सील, नवं लागतं आणि हवेचा दाब देऊन गळती तपासावी लागते. हे यंत्र कुठल्या गॅरेजमध्ये आहे?

तिसरं आणि सगळ्यात घातक म्हणजे जुन्या पॅकमध्ये चार नवे सेल बसवणं. नव्या-जुन्यांची क्षमता जुळत नाही, अंतर्गत रोध जुळत नाही, दर चार्जिंगला तफावत वाढते. एखादा सेल मर्यादेबाहेर भरला जातो, आत लिथियमचा थर साचतो आणि एके दिवशी शॉर्ट होतो. २०२२च्या आगींच्या सरकारी चौकशीत सेल आणि पॅकच्या रचनेतच दोष निघाले होते. कारखान्यात यंत्रांवर बनलेल्या पॅकची ही गत असेल, तर पान्याने उघडलेल्या पॅकचं काय होईल?

खारा_वारा

तुम्ही दोघे बॅटरीवर अडलात. आमच्या रत्नागिरीत गाडी त्याआधीच कुजते. चार्जिंगच्या पोर्टचं रबरी झाकण एका पावसाळ्यात सैल होतं आणि आतल्या पितळी पिनांवर हिरवा गंज चढतो. मग चार्जर लावला की कधी चालू, कधी बंद. सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर तसेच. सस्पेन्शनचे बोल्ट पहिल्याच वर्षी तांबूस झाले. सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं, 'किनाऱ्याला असंच होतं, साहेब.' किनाऱ्यावर गाडी विकताय, मग किनाऱ्यासारखी बनवा ना!

२०२३मध्ये पुढचं सस्पेन्शन मोडल्याचे फोटो लोकांनी टाकले, तेव्हा एका मोठ्या कंपनीला पुढचा फोर्क फुकट बदलून द्यावा लागला. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच कंपनीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस गेली, ती राष्ट्रीय हेल्पलाइनवर दहा हजारांवर तक्रारी साचल्यानंतर. तेव्हा 'आम्ही उघडू नका म्हणतो, विश्वास ठेवा' हे सर्किट यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. पत्र्याची बॉडी, मिठाच्या फवाऱ्याची चाचणी झालेले कनेक्टर, स्टेनलेसचे बोल्ट, एवढं मला आधी द्या. चेतक पत्र्याची आहे म्हणून आमच्याकडे लोक तिच्याकडे वळतात, बाकी कारणं नंतर.

ठाणेकरीण

सगळं खरं, पण पैसे कोण देणार? केंद्राचं अनुदान २०२१मध्ये बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला, म्हणजे युनिटला, १५ हजारांवर गेलं होतं, ते घसरत २,५०० वर आलं. त्यात प्रत्येक नवी चाचणी, प्रत्येक सुटं मॉड्यूल, म्हणजे पॅकचा वेगळा काढता येणारा भाग, किमतीत चढणार. माझ्याकडे डबे पोचवणारी मुलं हप्त्यावर गाडी घेतात. दहा हजारांनी महाग झाली की ती पुन्हा पेट्रोलकडे जातील. तीन हात नाक्याचा धूर आज आमच्या नाकात जातोय, पंधरा वर्षांनंतरच्या भंगाराचा हिशोब नंतर करू.

आणि सुरक्षेचं म्हणाल तर गाडी चार्ज कुठे होते ते आधी बघा. आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला नकार दिला. मग काय, बॅटरी काढून वर आणतात आणि रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावतात. वसईत सप्टेंबर २०२२मध्ये अशाच घरात लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचं पोर गेलं. ती बॅटरी खाली पार्किंगमध्ये असती तर?

कोराडी_बायपास

ताई, हिशोब नंतर करू म्हणता, पण तो आत्ताच लागतो. आपल्या राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशाची, मी ज्या धुराड्यांच्या सावलीत राहतो तिथली. शिवाय बॅटरी बनवतानाच भरपूर ऊर्जा खर्च झालेली असते. ती जितके जास्त किलोमीटर चालेल तितका तो बोजा वाटला जातो. मध्येच पॅक बदलावा लागला की बोजा दुप्पट. त्यामुळे टिकाऊपणाबाबत मी घाटमाथा यांच्या बाजूने.

मात्र सगळ्यात घाण प्रकाराबद्दल इथे कुणी बोललेलंच नाही. २५ किलोमीटर वेगाच्या, २५० वॉटच्या बिनपासिंगच्या गाड्या. ना आरटीओ, ना नंबर, ना लायसन. त्यांतल्या कितीतरींमध्ये लेड-ॲसिड बॅटरी असते आणि ती वर्ष-दोन वर्षांत बसते. जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे, तिथून कुठल्यातरी परसातल्या भट्टीत. ॲसिड नाल्यात ओततात, शिसं उघड्यावर वितळवतात. ते मातीत मुरतं, तिथेच खेळणाऱ्या पोरांच्या रक्तात उतरतं. लिथियमच्या पॅकवर जेवढे नियम आहेत त्यातले निम्मे तरी या गाड्यांना लावा.

घाटमाथा

लेड-ॲसिडचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

सर्किट, गल्लीत पान्याने पॅक उघडा असं मी कुठे म्हटलं? सेल बदलू नका, मॉड्यूल बदला. चारचाकीत पॅक मॉड्यूलमध्ये विभागलेला असतो, प्रशिक्षित माणूस त्यातलं एक काढून दुसरं बसवतो. रसायन ओतायचं तर मॉड्यूलच्या आत ओता, मॉड्यूल मात्र बोल्टवर राहू दे. गळती तपासायचं यंत्र जिल्ह्याला एका केंद्रात असलं तरी पुष्कळ.

शिवाय २०२२चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम उत्पादकावरच जबाबदारी टाकतात. इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीतून २०२४-२५मध्ये ७० टक्के आणि २०२६-२७पासून ९० टक्के सामग्री परत मिळवायची आहे. गोंदात बुडालेला पॅक पुनर्वापरवाल्याला अख्खा चिरडावा लागतो. त्यातले चांगले सेल सोलरच्या साठवणीला आणखी काही वर्षं चालले असते, तो मार्गही बंद होतो.

सर्किट

चारचाकीत जागा असते. स्कूटरच्या फूटबोर्डखाली मॉड्यूल, त्यांचे जोड, प्रत्येकाचं वेगळं झाकण, एवढं बसवलं की वजन वाढतं आणि रेंज घटते. शिवाय प्रत्येक बोल्टचा जोड म्हणजे सैल होण्याची आणखी एक जागा. खारा_वारा यांच्या गावात ते जोड किती टिकतील?

माझ्या मते खरा उपाय एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी. कोबाल्ट-निकेलच्या बॅटरीपेक्षा आग भडकायला तिला जास्त तापमान लागतं, चार्जिंगची आवर्तनं साधारण दुप्पट मिळतात, ते महागडे धातूही लागत नाहीत. गाडीइतकीच बॅटरी टिकली तर ती उघडायची वेळच येणार नाही.

कोराडी_बायपास

पण कोबाल्ट-निकेल नाही म्हणजे पुनर्वापरवाल्याला त्यात कमाई नाही. ती बॅटरी घ्यायला तो पैसे मागेल. ते कोण देणार हे आजच ठरलं पाहिजे, नाहीतर पंधरा वर्षांनी ती आमच्याच नाल्याकाठी येऊन पडेल.

ठाणेकरीण

रविवारी सोसायटीची सभा आहे. चार्जिंग पॉइंटचा विषय मी पुन्हा घेणार आहे. सर्किट, नेमकं काय मागू?

सर्किट

मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, नुसतं 'आहे' म्हटलं तर ऐकू नका. पॉइंट जिन्याखाली किंवा लिफ्टजवळ नको, वाट अडेल अशा ठिकाणी तर अजिबात नको. शेजारी जुने टायर, पुठ्ठे, गॅस सिलिंडर ठेवू देऊ नका. एक्स्टेन्शन बोर्डला सक्त मनाई करा. पावसात भिजून आलेली किंवा नुकतीच लांबून आलेली गाडी अर्धा-पाऊण तास थांबवून मग लावायची, हे फलकावर लिहून टाका. कंपनीच्या चार्जरशिवाय दुसरा चार्जर वापरायचा नाही, हा ठरावच करून घ्या.

मॉड्यूलबाबत माझं मत बदललेलं नाही. घाटमाथा, फूटबोर्डखालच्या जागेत तुमची रचना कशी बसते ते मापांसकट मांडा, मग पुढे बोलू.