आजोळ ग्रुप : खेकड्याच्या टाकीतली ओल

ताई एडिसन : मावशी, जागी आहेस का? हर्मिट क्रॅबच्या, म्हणजे त्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या, टाकीला कालपासून वास येतोय. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या बोर्डवॉकवरच्या दुकानातून दोन आणले होते बघ. मोठा महिन्यापूर्वी वाळूत शिरला तो वर आलेलाच नाही. लेक रडून रडून सांगतेय की तो मेला. उकरून बघू का?

मावशी डॅलस : अजिबात नको! वाळूत हात घालू नकोस. आधी सांग, वास कसला आहे? सडक्या मासळीचा की गटारासारखा कुबट?

ताई एडिसन : कुबट. नासलेल्या अंड्याच्या जवळपास.

मावशी डॅलस : मग वाळू नासलेली असणार. मेलेल्या खेकड्याला मासळीचाच घाण वास येतो. बाहेरून काचेवर टॉर्च धर आणि तळ बघ.

ताई एडिसन : तळाला बोटभर काळपट पट्टा आहे. एका कोपऱ्यात तर चक्क पाणी हलतंय! पण वरची वाळू कोरडी ठणठणीत आहे गं. म्हणून तर रोज स्प्रे मारते, दुकानात तसंच सांगितलं होतं. घरात हीटिंग सुरू झाल्यापासून आर्द्रता ६० च्या खाली उतरते.

मावशी डॅलस : तिथेच घोळ आहे. हवेतली आर्द्रता वेगळी आणि वाळूतली ओल वेगळी. दोन्ही लागतात, पण स्प्रेने दोन्ही साधत नाहीत. हे खेकडे जमिनीवर राहिले तरी श्वास कल्ल्यांनी घेतात आणि कल्ले सुकले की गुदमरतात. म्हणून हवा ७५ ते ८५ टक्के दमट हवी. ती झाकणाने सांभाळायची. जाळीचं झाकण असेल तर त्यावर काच ठेव, नाहीतर क्लिंग रॅप ताणून लाव. पाण्याच्या वाडग्यात एअर पंपाची नळी सोडलीस तर अजून बरं. स्प्रेचं पाणी पाझरून तळाला जातं, वरचा थर तासाभरात सुकतो, तू पुन्हा मारतेस. तळातलं साचलेलं पाणी मग कुजतं.

ताई एडिसन : आणि मोठा त्याच वाळूत आहे!

मावशी डॅलस : हो, म्हणूनच घाई करू या, पण उकरायचं नाही. तो कात टाकायला गेलाय. वाळूत स्वतःपुरती पोकळी करतो, जुनं कवच सोडतो, नवं कडक होईपर्यंत तिथेच पडून राहतो. जुनं कवच खाऊनही टाकतो, त्यातलं कॅल्शियम वाया घालवत नाही. मोठ्याला दोन महिनेसुद्धा लागतात. वाळू कोरडी पडली तर पोकळी अंगावर ढासळते आणि पाणी चढलं तर तो आत बुडतो. अंग मऊ असताना त्याला ओढून काढलं तर जगणं कठीण.

आजी : पोरीला म्हणावं, तो झोपलाय. रडू नको.

मामा दापोली : म्हणजे शेतात पेरणीजोगा वापसा आल्यासारखी ओल हवी.

मावशी डॅलस : दादा, तसंच, पण त्याहून जरा जास्त. वापशाच्या मातीचा गोळा खाली टाकला की फुटतो. इथे मूठ वळली की गोळा अखंड राहायला हवा. बोट खुपसून काढलं तर भोक तसंच उभं राहिलं पाहिजे आणि तळहातावरून पाणी ओघळता कामा नये. ही ओल वरपासून तळापर्यंत सारखी हवी.

वहिनी ठाणे : मावशी, आमची मुलं हे वाचून मागे लागलीत. अलिबागच्या किनाऱ्यावरून एक आणू का म्हणतात.

मावशी डॅलस : नका गं आणू. तिथे खडकांतल्या डबक्यांत दिसतात ते बहुतेक समुद्रातले. त्यांना भरतीचं पाणी लागतं, वाळूच्या टाकीत बिचारे तडफडून मरतील. रिकामे शंखही पिशव्या भरभरून आणू नका, त्यांना घर बदलायला तेच लागतात. आणि इकडे दुकानात मिळतात तेही रानातून पकडलेलेच. पिल्लं समुद्रात वाढतात, त्यामुळे घरी पैदास जवळपास होतच नाही. नीट ठेवले तर ३० वर्षं जगू शकणारा जीव आहे. म्हणून ज्याने आणलाय त्याने तरी मन लावून सांभाळावा.

ताई एडिसन : मावशी, पाणी कसं काढू ते सांग आधी.

मावशी डॅलस : मोठा ज्या बाजूला शिरला त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात, काचेला अगदी चिकटून, एक पाइप सरळ तळापर्यंत सरकव. खालच्या तोंडाला पातळ कापड बांध म्हणजे वाळू आत शिरणार नाही. मग खेकड्याच्या बाजूच्या सबंध कडेखाली पातळ फळी सरकव. टाकी जड असते, दोघांनी मिळून अलगद उचला. पाणी पाइपकडे उतरेल. सिरिंजला नळी लावून ते ओढून घे. घाई नको, तासाभराने पुन्हा बघ. टाकी गरम ठेवायची हीटमॅट कुठे लावलीय?

ताई एडिसन : टाकीच्या खाली.

मावशी डॅलस : आजच काढ. मागच्या काचेला लाव, वाळूच्या पातळीच्या वर. खालून तापलं की वाळू वेडीवाकडी सुकते आणि कात टाकणारा खेकडा भाजतो.

मामा दापोली : वाळू बदलायची वेळ आली तर काय घालायचं?

मावशी डॅलस : पाच भाग साधी प्ले सँड, म्हणजे मुलांच्या खेळायची वाळू, एक भाग खत न घातलेलं कोकोपीट. कालवायला क्लोरीन काढलेलं पाणी, त्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ. जेवणातलं मीठ चालत नाही. थर निदान ६ इंच, आणि मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट त्याहून जास्त भरत असेल तर तेवढा. ताई, पाणी काढूनही दोन दिवसांत वास गेला नाही तर मात्र बदलावीच लागेल. तेव्हा चमचा-फावडं नको, कडेकडेने बोटांनीच काढायचं, आणि मला व्हिडिओ कॉल लावून.

ताई एडिसन : पाइप किती जाडीचा घेऊ?

मावशी डॅलस : अर्धा इंच पुरे.

ताई एडिसन : हे हार्डवेअरच्या दुकानात निघालेत. लेक टॉर्च घेऊन टाकीपाशी बसलीय.