मदत हवी आहे: गाईची वार (व्यायल्यावर पडणारी जार) अडकलेल्या केसला बघायला किती जवळ थांबावं?

बारावी झाली, नीट प्रवेश परीक्षा दिली आहे. बी.व्ही.एस्सी.आधी (गुरांच्या डॉक्टरकीची पदवी) सुट्टीत गावाकडच्या गुरांच्या डॉक्टरांसोबत व्हिजिटला जाणार आहे. मी फक्त बघणार, धरायला-बांधायलाही नाही. रेबीजचे प्रतिबंधक डोस (०, ७, २१ वा दिवस) आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. गमबूट, रबरी अ‍ॅप्रन, खांद्यापर्यंतचे हातमोजे घेतलेत. गाय खोड्यात (तपासताना अडकवायच्या चौकटीत) असली तरी मागच्या पायांच्या टप्प्यात उभं राहायचं नाही, ती बाजूलाही लाथ झाडते, हे माहीत आहे.

अडचण ब्रुसेलाची (गुरं गाभडवणारा, माणसालाही लागण होणारा जंतू). गाभडलेल्या किंवा वार अडकलेल्या गाईच्या वारेत, स्रावात जंतू खच्चून असतात; डोळ्यांतून, खरचटलेल्या कातडीतूनही शिरतात. माणसांसाठी लस आपल्याकडे मिळत नाही. शिवाय ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना देतात ती ब्रुसेलाची एस-१९ लस जिवंत जंतूंची; तिची सुई टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला तरी लागण होऊ शकते. डॉक्टर म्हणतात, "हातमोजे घाल, काही होत नाही." तेवढ्यावर माझं समाधान नाही. (मास्क लावला की गोठ्याचा मालक बिचकतो, तेही आहेच.)

फील्डवर काम करणाऱ्यांनी सांगा: अशा केसला गॉगल आणि एन-९५ लावून जवळ थांबावं, की सरळ गोठ्याबाहेर? आणि दुसऱ्या गोठ्यात शिरण्याआधी गमबूट नेमके कशाने धुता?