'दरड', 'भूस्खलन' आणि सरकणारा डोंगर

प्रश्न (नाशिक): कसारा घाटात रुळांवर दगडमाती आली की बातमीत कधी 'दरड कोसळली' तर कधी 'भूस्खलन झाले' असे छापून येते. हे शब्द समानार्थी मानावेत काय? आणि डोंगराचा मोठा भाग खोलवरून सुटून वर्षानुवर्षे हळूहळू सरकत असेल, तर त्याला काय म्हणावे?

उत्तर: दरड म्हणजे डोंगराची किंवा नदीकाठची उभी, तुटकी बाजू, आणि ती पडते म्हणून 'कोसळणे'. आपल्याकडे बेसाल्टचे थर बहुधा आडवे असून त्यांचे कडे उभे तुटलेले असल्यामुळे पावसाळ्यात सुटे दगड आणि वरचा मुरूम खाली येतो. कसाऱ्याला हाच शब्द नेमका बसतो. 'स्खलन' मात्र घसरण्याचे वाचक आहे, त्यामुळे 'भूस्खलन' हा व्यापक शब्द असून दरड कोसळणे हा त्याचा केवळ एक प्रकार ठरतो.

खोलवरच्या भूस्खलनात घसरणीचा पृष्ठभाग दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही खाली, बहुधा एखाद्या चिकणमातीच्या थरात किंवा जुन्या भेगेत असतो. तिथे मुरलेल्या पाण्याचा दाब वाढला की खडकांमधील घर्षण घटते, माथ्याशी ताणाच्या भेगा पडतात, पायथा फुगतो आणि झाडे कलतात. गती मात्र वर्षाला काही मिलिमीटर इतकी अल्प असू शकते. इटलीतील वायोंत धरणाच्या जलाशयावरील मोंते तोक डोंगरावर 1960 मध्येच लांबलचक भेग उघडली होती, तरी सुमारे 26 कोटी घनमीटर खडक 9 ऑक्टोबर 1963 रोजी मिनिटभरात खाली आला, जलाशयातील पाणी धरणावरून उसळले आणि सुमारे दोन हजार माणसे मेली. 'कोसळला' हे क्रियापद त्या शेवटच्या मिनिटाचे आहे. आधीच्या तीन वर्षांसाठी मी 'डोंगर सरकत होता' असेच लिहीन.

प्रतिसाद: 'डोंगर खचणे' रूढ आहे, ते का नको?

उत्तर: खचण्यात खाली बसण्याचा अर्थ प्रधान आहे. विहीर खचते, घाटातला रस्ताही खचतो. सरकत्या डोंगराचा माथ्याकडचा भाग खरोखरच खचतो, म्हणून तेवढ्यापुरता तो शब्द अचूक आहे. पायथा मात्र पुढे ढकलला जातो, आणि त्याला 'खचला' म्हटल्यास वाचकाला दिशाच उलटी कळेल.