इम्प्लांटवर कॅप लगेच की तीन महिन्यांनी?

मंडळी, नमस्कार.

वरचा समोरचा दात मुळाशी तडकलाय, काढावाच लागणार. दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणतात, दात काढू, त्याच बैठकीत इम्प्लांट, म्हणजे हाडात पिळायचा मुळासारखा स्क्रू, बसवू आणि वर दात लावूनच घरी पाठवू. दुसरे म्हणतात, घाई नको, तीन-चार महिने हाड धरू दे, मग कॅप. दोघंही अनुभवी आहेत. ऐकायचं कुणाचं? सौ.ची खालची दाढ काढून वर्ष झालं, तिचाही नंबर लागणार आहे. आपल्या चर्चेच्या यादीवर दाताचे डॉक्टर आहेत, म्हणून विचारतो.

•

काका, नमस्कार.

दोघांचंही बरोबर असू शकतं. आधी एक गुंता सोडवू. काढलेल्या दाताच्या खड्ड्यात लगेच इम्प्लांट बसवणं ही एक गोष्ट, आणि त्या इम्प्लांटवर लगेच दात चढवणं ही दुसरी. पहिली केली म्हणून दुसरी करायलाच हवी असं नाही.

थांबायची पद्धत स्वीडनचे इम्प्लांट-संशोधक ब्रॉनमार्क यांच्यापासून आली. त्यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. तेव्हाचा शिरस्ता असा, की इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवायचा, खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या, मऊ हाडात सहा. आता इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो, त्यावर हाड लवकर धरतं, म्हणून मुदती कमी झाल्या.

पण हाडाचा स्वभाव तोच आहे. बसवल्या दिवशी इम्प्लांट घट्ट असतो तो फक्त आट्यांच्या पकडीमुळे. पुढच्या दिवसांत शरीर भोवतीचं दुखावलेलं हाड खाऊन टाकतं आणि नवं घालायला लागतं. जुनी पकड सुटत असते, नवी अजून आलेली नसते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लांट सगळ्यात कच्चा असतो. नेमकं तेव्हाच दुखायचं थांबलेलं असतं आणि माणूस निर्धास्त चावायला लागतो! त्या काळात इम्प्लांट 100-150 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतूंचा पापुद्रा धरतो. मग तो काढावाच लागतो.

म्हणून निर्णय खरा होतो तो इम्प्लांट पिळून बसवताना. शेवटी टॉर्क, म्हणजे पिळायला लागलेला जोर, किती आला ते पाहायचं. 35 न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास किंवा वर असेल, तर एकट्या इम्प्लांटवर तात्पुरता दात लावायचा विचार करता येतो. कमी आला तर हीलिंग कॅप (हिरडी भरेपर्यंतचं छोटं झाकण, दात नव्हे) लावून गप्प बसायचं. पहिल्या डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘टॉर्क आला नाही तर तुमचा बेत काय?’ याचं उत्तर तयार असेल तर माणूस भरवशाचा.

•

डॉक्टर ताई, उगाच घाबरवू नका हो. माझ्या मेहुण्याला त्याच दिवशी दात लावला. पाच वर्षं झाली, ऊस सोलून खातो!

•

दादा, मेहुण्यांचं अभिनंदन. असे पुष्कळ आहेत, नाकारत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2013 मध्ये 26 चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात लगेच आणि उशिरा भार देण्यात, म्हणजे वर दात चढवण्यात, महत्त्वाचा फरक सापडल्याचा पटण्यासारखा पुरावा मिळाला नाही. पण चाचण्यांमध्ये रुग्ण निवडून घेतलेले असतात. रात्री दात करकर खाणारा, सिगारेट ओढणारा, साखर ताब्यात नसलेला माणूस त्यांत सहसा नसतो. त्याला ते आकडे जसेच्या तसे लावायचे नाहीत.

काकूंच्या दाढेबाबत मात्र मी सरळ सांगते, थांबा. चावण्याचा सगळा जोर तिथे, आणि दाढ नाही हे हसताना दिसतही नाही. लगेच दात लावून मिळवायचं काय?

समोरच्या दाताचं गणित वेगळं. तिथे तात्पुरता दात हिरडीसाठी लावायचा. दात काढला की दोन दातांमधली हिरडीची टोकं बसू लागतात. नीट घोटलेला तात्पुरता दात त्यांना टेकू देतो, आणि पुढे पक्की कॅप हिरडीतून उगवल्यासारखी दिसते. शक्यतो तो स्क्रूने धरलेला असावा. सिमेंट ताज्या जखमेत उतरलं तर त्रास देतं.

•

ताई, मग त्या दातानं खायचं की नाही? स्पष्ट सांगा, मी विसराळू आहे.

•

नाही, काका. तो दाखवायचा दात. दात मिटल्यावर तो समोरच्याला टेकताच कामा नये, जबडा पुढे-बाजूला सरकवला तरीही. डॉक्टर रंगीत कागद चावायला देतील. त्या दातावर एकही ठिपका उमटायला नको. उमटला तर तिथेच घासून घ्या, कारण मूळ दाताला हाडाशी धरून ठेवणारा आणि दाब जाणवून देणारा तंतूंचा बंध इम्प्लांटला नसतो आणि उंच लागतंय हे तुम्हाला नीट जाणवणारही नाही. पोळी तुकडे करून मागच्या दातांनी खा, सफरचंद चिरून.

हे पाळणं जमणार नाही वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. मधल्या काळात शेजारच्या दातांना चिकटवलेला किंवा काढ-घाल करायचा दात मिळतो, फक्त तो हिरडीवर दाबायला नको. आणि तात्पुरता दात हलला तर घरी डिंक-गोंद लावू नका. बऱ्याचदा नुसता स्क्रू सैल झालेला असतो, पण इम्प्लांटच हलतोय का ते त्याच दिवशी दाखवून घ्या.