मदत हवी आहे: जुन्या लॉजच्या भिंतींसाठी चुन्याचं काम जाणणारे गवंडी

मंडळी, सांगलीत गणपती पेठेतलं मामांचं जुनं लॉज आता नव्या चित्रकारांसाठी उघडायचंय. खाली दालन, वर त्यांना राहायला खोल्या. कोचीत २०१२ साली पहिली बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, ॲस्पिनवॉल हाऊससारख्या जुन्या वास्तूंत भरली, मग सांगलीत असं का नको?

अडलंय भिंतींपाशी. २०१९च्या पुरात तळमजला बुडाला, नंतर एका ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा मारला. ओल आत कोंडली. आता हात फिरवला की पांढरा क्षार पिठासारखा बोटांना लागतो, पोपडे सुटतात. तिथे कुणाचं चित्र टांगायची हिंमत होत नाही.

सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करणारे गवंडी सांगली-मिरज-कोल्हापूर भागात कुणाला माहीत आहेत का? आणि भिंत पुरती वाळली हे कसं ओळखायचं? जिन्याचा सागवानी कठडा शाबूत आहे, तो मात्र कुणालाही काढू देणार नाही.